बोउला ऐकू येतं

श्री जगन्नाथ शरण

पुरी,
कार्तिक पौर्णिमेचा आदला दिवस

तीर्थस्वरूप कुंतला अपा हिला धाकट्या भावाचा, जोगीचा पायांवर डोकं टेकवून नमस्कार.

भिणोईंची साखर कशी आहे? बायकोचं ऐकून गोड सोडलं का त्यांनी? तुझा गुडघा संबलपूरच्या थंडीत त्रास देत नाही ना? माझी प्रकृती विचारशील तर शरीर जागच्या जागी आहे, वजन सहा किलोंनी उतरलं आहे, आणि मनाचं म्हणशील तर ते गेले वीस दिवस हबकलेलं आहे. ही गोष्ट फोनवर का सांगितली नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर बोलायची सोय आता आपल्या घरात उरलेली नाही, का ते पुढे कळेलच. आत्ता चुलीपाशी उभी राहून वाचत असशील तर आधी भात उतरव, खाली बस आणि मग पुढचं वाच. मी उभा होतो म्हणून माझी काय अवस्था झाली ते मलाच माहीत.

तुला ठाऊकच आहे की बोउ दर वर्षी कार्तिकात आपल्या गल्लीतल्या लाबण्य मावशीच्या टोळीबरोबर हबिष करायला पुरीला येते. महिनाभर इथे राहायचं, पहाटे तलावात बुडी मारायची, तुळशीपुढे रांगोळी घालायची, दिवसातून एकदाच आपल्या हाताने शिजवलेलं खायचं. आठ वर्षांत मला एकदाही बरोबर यावं लागलं नाही. यंदा लाबण्य मावशी न्हाणीघरात घसरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, टोळी फुटली. आणि मी नेमका भाद्रपदात निवृत्त झालेला! (चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, कुठल्याही कालव्याने इतक्या अचूक वेळी दगा दिला नव्हता.) लोपाची आई म्हणाली, "तुमची आई एकोणऐंशी वर्षांची, ठार बहिरी, एकटी कशी जाईल? तुम्हीच जा बाई तिच्याबरोबर महिनाभर." हे म्हणताना ती इतकी प्रसन्न दिसत होती की मी तिला आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तशी पाहिली.

उतरलो ते एका मठाच्या मागच्या लांबच लांब पडवीत. तिथे चाळीस हबिष्याळी बायका आणि पुरुष म्हणून मी एकटा. मला एका टोकाला, जिथे वाळत घातलेल्या साड्यांचं पाणी ठिबकतं, तिथे जागा मिळाली. पहिल्याच दिवशी पुजाऱ्याने सगळ्यांकडून संकल्प सोडून घेतला, आणि हातात पाणी घेऊन उभा असल्यामुळे मीही सापडलो. नियम ऐक: एकभुक्त राहायचं, जमिनीवर झोपायचं, कुणाची निंदा नाही, राग नाही, आणि पौर्णिमेपर्यंत खोटं बोलायचं नाही. मला तेव्हा जेवणाचीच धास्ती वाटली. मातीच्या मडक्यात तांदूळ आणि मूग, त्यात कच्ची केळी, अळकुड्या, आलं आणि वर चमचाभर तूप. हळद नाही, बटाटा नाही, मिरची नाही, टोमॅटोचं नाव काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी मला स्वप्नात पाण्यात भिजवलेल्या पखाळ भाताबरोबर तळलेला मासा दिसला आणि मी झोपेत रडलो असं शेजारची हारामणी मावशी सांगते. (ही आस्का गावची. तोंडात दात एक नाही, पण बोलणं असं की लागावं. एरवी दिवसभर गुडाखू तंबाखू लावणारी बाई महिनाभर त्यावाचून राहते, त्यामुळे तिच्याशी जपून बोलावं लागतं.) खोटं न बोलण्याची मला काहीच भीती वाटली नव्हती. आपल्यासारख्या माणसाला खोटं बोलायचंच काय असतं, असं मी तेव्हा समजत होतो.

आल्या आल्या मी माझं कर्तव्य म्हणून पडवीच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की ही माझी आई, हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, काही सांगायचं असेल तर डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. करूनही दाखवलं. "बोउ! पाणी! हवं! का!" असं मी ओरडलो तेव्हा बाहेर रस्त्यावरच्या गाईने मान वळवून पाहिलं. चाळीसच्या चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, मुलाची माया बघून हिला भरून आलं. मी हारामणी मावशीला म्हटलं, तुम्हाला दर वर्षी फार त्रास होत असेल, हिच्याशी बोलायचं म्हणजे घसा बसत असेल. त्यावर ती म्हणाली, "आम्हाला कधी ओरडावं लागलं नाही बाबा." मी म्हटलं, खुणेने बोलता वाटतं? ती म्हणाली, "तोंडाने बोलतो." अपा, ती संकल्पातली बाई होती, तिने शब्दाशब्दाने खरं सांगितलं होतं, आणि मी शहाणा मान हलवून म्हणालो, वा, ओठांवरून समजतं म्हणजे तिला!

तर ती नवव्या दिवसाची सकाळ. सात वाजले असतील. मार्कंड तलावावर स्नानं आटोपली होती, बायका पायऱ्यांवर ओल्या वाळूत रांगोळी घालत होत्या. बोउ माझ्याकडे पाठ करून शंख-चक्र काढण्यात गढली होती. वीस-पंचवीस पावलांवर, वडाखाली, एका गाडीवाल्याने कढई चढवली. तो वास, अपा! नऊ दिवस कच्च्या केळ्यावर काढलेल्या माणसाला तो वास ओढत नेतो, त्याला पाय लागत नाहीत. मी आवाज न करता तिथे गेलो. संकल्पात खोटं बोलू नये असं आहे, मुकाट्याने खाऊ नये असं स्पष्ट कुठे आहे, असा विचारही वाटेत करून घेतला. गाडीवाल्याच्या कानाशी वाकून, माझं मलाही नीट ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हटलं, दोन आलूचाप दे, लवकर. त्याने पानावर ठेवून दिले. मी पहिला तोंडापाशी नेला.

आणि पायरीवरून, मागे वळून न बघता, रांगोळीची चिमूट न थांबवता, बोउ म्हणाली, "जोगी, त्यात कांदा आहे."

आलूचाप खाली पडला. मी वाकलो नाही. मला वाकता येत नव्हतं. काय झालं ते डोक्यात शिरायला वेळ लागला. मी तसाच पायऱ्या उतरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ओरडायची सवय आठ वर्षांची, पण तोंडातून कुजबुजच आली. म्हटलं, "बोउ, तुला ऐकू आलं?"

तिने वर पाहिलं. तिचा हात सवयीने कानाकडे गेला, ओठांवर तो नेहमीचा "काय?" आलासुद्धा. मग तिने तलावाकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला. म्हणाली, "येतं."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

आजूबाजूला रांगोळी घालणाऱ्या चाळीस बायकांचे हात थांबले होते. हारामणी मावशी म्हणाली, "सुटलो गं बाई! नऊ दिवस पोटात दाबून धरलं होतं." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! आठ कार्तिक! दर वर्षी कटकहून बस सुटली की बोउला ऐकू यायला लागायचं, आणि महिन्याने बस कटकात शिरली की थांबायचं. लाबण्य मावशीलाही ठाऊक. आपल्या गल्लीतून इतकी वर्षं बायकांच्या पोटात एक गोष्ट राहिली, हा धक्का मी अजून वेगळा मोजलेलाच नाही.

तू आता म्हणशील, अरे पण कानाच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. मीही तेच म्हटलं. बोउ म्हणाली, "तो म्हणाला, आवाज आला की बोट वर करा. मी नाही केलं." आणि तू संबलपूरहून पाठवलेलं कानातलं यंत्र? ते ती वापरते, अपा, तुझा मान राखते. त्यात सेल घालत नाही इतकंच. म्हणते, थंडीत कान गरम राहतो.

मी तिथेच पायरीवर बसकण मारली आणि विचारलं, हे सगळं का? खोटं बोलायचं नाही हे तिच्याही संकल्पात होतं, त्यामुळे तिने सांगितलं. बाबांचं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आणि मी पुढच्या खोलीत बसून बोउला कुठे ठेवायचं ते ठरवत होतो. आठवतं? सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे, रजच्या सणाला अदलाबदल (पुढे तिचे कान 'गेले' आणि ते तसंच राहून गेलं). बोउ दाराआड तांदूळ निवडत होती. ती म्हणते, "कपाटाचंसुद्धा असं ठरवताना माणूस एकदा उघडून बघतो." मग मी तिला हाक मारली, भात वाढू का म्हणून. तिला रडू येत होतं, म्हणून तिने उत्तर दिलं नाही. मी तीनदा हाक मारली. तेव्हा तू म्हणालीस, धक्क्याने हिचे कान गेले वाटतं. "हे कुंतला म्हणाली," बोउने मला बजावून सांगितलं, "मी नव्हे. मी बहिरी आहे असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. मी फक्त 'काय?' म्हणते. ते काही खोटं नाही, तो प्रश्न आहे."

हे ऐकून मी एवढा सुन्न झालो की दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात यायला दुपार उजाडली. मडक्यातला भात ढवळत होतो आणि हातातला चमचा थांबला. स्वप्नं!

अपा, बोउची स्वप्नं! जी महाप्रभू जगन्नाथ स्वतः येऊन देतात म्हणून, चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी कुणापुढे हात न जोडलेला मी, ती ऐकायला येणाऱ्या लोकांच्या चपला आपल्या ओसरीवर बसून सरळ करू लागलो! जिला काही ऐकू येत नाही तिला अमक्याच्या घरातली गोष्ट कळतेच कशी, याला देवाशिवाय दुसरं उत्तर नाही, हे मीच सगळ्या गल्लीला पटवून दिलेलं! शेजारचे रावतबाबू येऊन बोउसमोर मुलाच्या दारूवरून बायकोशी भांडायचे, म्हातारीला कुठे कळतंय म्हणून, आणि आठवड्याने बोउला स्वप्न पडायचं की रावताच्या मुलाला दारू सोडायला महाप्रभूंनी सांगितलं आहे. तो मुलगा थरथर कापत आला आणि त्याने खरंच सोडली. माझी सासू तीन महिने येऊन राहिली होती, तेव्हा मी एका संध्याकाळी बोउपाशी बसून जरा मन मोकळं केलं. चौथ्या दिवशी महाप्रभू स्वप्नात म्हणाले की पाहुणीने रथयात्रेपूर्वी आपल्या गावी जावं. सासूची पिशवी मी स्वतः बसस्टँडवर नेली, आणि अपा, भक्तीने माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि लोपाचं लग्न! ब्रह्मपूरचा तेलुगू मुलगा म्हणून मी पाय आपटले होते, दोन महिने मुलीशी बोललो नव्हतो. मग बोउ पहाटे उठून बसली आणि म्हणाली, आपला काळा जगन्नाथ, कालिया स्वतः आला होता, म्हणाला ब्रह्मपूरचा मुलगा मीच पाठवला आहे. मी कालियाच्या शब्दाबाहेर कसा जाणार? आज लोपा सुखात आहे, जावई कामेश्वर राव माझ्यापेक्षा चांगली ओडिया बोलतो, हे सगळं खरं. पण कालिया आला नव्हता, अपा! कुणीच आलं नव्हतं! लोपा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती, तेवढंच झालं होतं.

मी पडवीत उभा राहून ओरडलो (राग नाही हा संकल्प तिथे मोडला, पुजाऱ्याला सांगून प्रायश्चित्त घेतलं). म्हटलं, महाप्रभूंच्या नावाने खोटं बोललीस? त्यांच्याच गावात येऊन हबिष करतेस आणि त्यांच्याच नावाने? बोउ शांतपणे अळकुडी सोलत म्हणाली, "मग हबिष कशासाठी करतात असं तुला वाटलं? अकरा महिने बोलते, बाराव्यात येऊन माफी मागते. त्याला सगळं नावानिशी सांगते, काही चोरून ठेवत नाही." मी म्हटलं, आणि तो माफ करतो? ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. आजवर एकाही लग्नात त्याने मोडता घातलेला नाही, एवढं खरं."

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिच्यासाठी पाणी आणत होतो, मडकं धूत होतो, पण तोंड शिवलेलं. मला खरं काय खात होतं ते तुला सांगतो, आणि हे भिणोईंना वाचून दाखवू नकोस. बाबा गेल्यापासून मी रोज ऑफिसातून आलो की अर्धा तास बोउच्या खाटेवर बसायचो. तिला ऐकू येत नाही म्हणून सगळं बोलायचो. साहेबाने चारचौघांत कसं झापलं, बढती कशी हुकली, रात्री छातीत धडधडतं आणि मी घाबरतो, लोपाच्या आईसमोर मी किती शूर असल्याचं सोंग आणतो, सगळं. देवळात गाभाऱ्यासमोर जे बोलत नाही ते. एकदा नोकरी सोडायचा अर्ज लिहून खिशात घेऊन फिरत होतो, तेही बोललो. (तेव्हा लगेच स्वप्न पडलं होतं की बसल्या जागेवरून वेळेआधी उठू नये. मी अर्ज फाडला. दोन महिन्यांनी साहेबाचीच बदली झाली.) आठ वर्षं, अपा. माझ्यातला एकही भित्रेपणा त्या बाईला ठाऊक नाही असा उरलेला नाही. मला चाळीस बायकांसमोर उघडं उभं असल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी हारामणी मावशीने मला गाठलं. म्हणाली, "आई ऐकत नाही म्हणून रडणारी मुलं मी खूप पाहिली. आई ऐकते म्हणून तोंड फुगवून बसलेला तू पहिलाच." आणि तंबाखू नसल्याचा सगळा राग काढून तिने मला बोउच्या पुढ्यात नेऊन बसवलं.

संध्याकाळचे दिवे लागत होते. बोउने पणतीत तेल घातलं आणि मला विचारलं, "जोगी, मला ऐकू येतं हे तुला ठाऊक असतं, तर तू रोज येऊन बसला असतास का?"

अपा, संकल्प होता. काहीतरी गोड बोलून सुटायचा फार मोह झाला. पण शेवटी म्हणालो, "नाही."

"बोलला असतास?"

"नाही."

"तुझे बाबा असताना तू माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलायचास. जेवण झालं का, गोळी घेतली का, दार लाव, येतो. मी मोजली होती. कान गेले तेव्हा मला मुलगा मिळाला. मग मी ते परत कशाला आणू?"

मी तिच्या पणत्यांना वाती लावत बसलो. मग ती म्हणाली की तुझ्या छातीत धडधडतं ते डॉक्टरला दाखव, दोन वर्षं नुसता मलाच सांगतो आहेस.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, आणि इथे मी एक चूक केली. कार्तिकात हिला खोटं बोलता येत नाही हे ध्यानात येऊन मी विचारलं, अपा दर वर्षी रजला येते तेव्हा तुझ्यापाशी बसून माझ्याबद्दल काय बोलते? बोउ म्हणाली, "विचारू नकोस. विचारलंस तर सांगावं लागेल." मी विचारलं. तिने सांगितलं. मी कंजूष आहे, मी बायकोच्या पदराखालून बाहेर येत नाही, बाबांची छत्री मी दडवली, आणि माझ्या घरच्या चहात चहा शोधावा लागतो. छत्रीचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं. (ती माझ्याकडेच आहे. पण दडवलेली नाही, मागे ठेवलेली आहे.) तुला राग येऊ नये म्हणून, आणि उद्यानंतर माझं खरं बोलणं संपणार म्हणून, मीही काय म्हणालो होतो ते आत्ताच कबूल करतो: तू मिठाईचा एक डबा घेऊन येतेस आणि लोणच्याच्या तीन बरण्या नेतेस असं मी म्हणालो, आणि भिणोई जेवताना आवाज करतात असंही म्हणालो. बोउने दोन्हींवर "काय?" केलं होतं.

आता तुला कळलंच असेल की तू तिथे बसून आणखी काय काय बोलली असशील ते आठवायला हवं. बाकीचं मी विचारलेलं नाही. एवढी अक्कल मला आली आहे. परवा आम्ही मासे खाऊन व्रत सोडू आणि दुपारच्या बसने कटकला निघू. बोउने माझ्याकडून वचन घेतलं आहे की ही गोष्ट मी कुणाशी बोलणार नाही. मी बोललेलो नाही. लिहिलं आहे.

भिणोईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला मोहरीचं तेल लावत जा.

तुझा हबकलेला धाकटा भाऊ,
जोगेंद्र सामंतराय

ता. क. एक छोटंसं काम होतं. लोपाची आई माझी स्कूटर भंगारात द्यायला निघाली आहे. मी इथे अडकलो असताना तिने भावही ठरवून टाकला, येत्या आठवड्यात उरकेल. स्कूटर तीस वर्षांची आहे, खरं, आणि उतारावरच चालते, हेही खरं, पण अपा, तिच्यावरून मी लोपाला शाळेत सोडलं आहे. तू पौर्णिमेनंतर कटकला येणारच आहेस बाली जत्रेला. तेव्हा तुला काही ठाऊक नाही असं दाखवून बोउच्या खाटेवर बस, आणि सहज बोलता बोलता म्हण की जोगीचा त्या स्कूटरमध्ये फार जीव आहे, बिचारा. जरा स्पष्ट म्हण. पुढचं आपोआप होईल. महाप्रभूंनी नुसतं एवढं सांगितलं तरी पुरे की जुनं वाहन घरातून काढू नये. हे पाप आहे असं मी वर लिहिलं आहे ते माझ्या ध्यानात आहे, पण यात कुणाचं वाईट नाही. पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. दुसरा. अपा, घात झाला. लिहिताना शब्द मोठ्याने म्हणत लिहायची माझी ऑफिसातली सवय तुला ठाऊक आहे, मला मात्र आत्ता आठवली. पाच हातांवर बोउ वाती वळत बसली आहे. माझं "फाडून टाक" लिहून झालं तशी ती म्हणाली, "महाप्रभूंना स्वतःचे तीन रथ ओढून घेता घेता पुरेवाट होते, त्यात तुझी स्कूटर कुठे घालू? बायकोला सरळ सांग, देऊ नकोस म्हणून. तोंड आहे ना तुला?" मग म्हणाली, पाकीट बंद करू नकोस, कुंतलाला माझा निरोप लिही. ती सांगते तसाच लिहितो आहे, मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"कुंतला, गेल्या रजला माझी नखं कापताना तू जे बोललीस ते मी ऐकलं. बरं नाही, ये, असा बाबांचा फोन तुला सकाळी पोचला होता, पण तू रागात होतीस, म्हातारा नेहमीसारखं वाढवून सांगत असेल असं तुला वाटलं, म्हणून तू सकाळची बस सोडलीस आणि संध्याकाळच्या बसने आलीस, तोवर ते गेले होते. आठ वर्षं तू हे पोटात घेऊन आहेस. तेव्हा बोलता आलं नाही मला, बहिरी होते. आज कार्तिक आहे, म्हणून हे खरं धर. दुपारी त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, कुंतला आली का? मी माझा हात त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आली. त्यांनी हात दाबला. म्हणाले, उन्हाची आली पोरगी, तिला पाणी दे. मग गेले. दर वर्षी इथे येऊन मी एकेका खोट्याची माफी मागते. या एकाची कधी मागितली नाही, मागणारही नाही. तू ये. कुठल्याही बसने ये."